पाण्यापासून लांब

तिसरी टिप तुटली तेव्हा मला बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही. आवाज काही मोठा झाला नाही. टक्. नखाने कपाची कड वाजवावी तेवढाच. लेथ फिरत होता, चकात, म्हणजे त्याच्या फिरत्या जबड्यात, कडक शाफ्ट होता, तापवून एकदम थंड केलेला, ज्याच्यावर कानस घातली तर कानसच घसरावी असा, आणि टिप त्याला लागून जेमतेम बोटभर पुढे सरकली होती. मी मशीन बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं. औषधाच्या गोळीएवढी गोल पांढरी टिप, लोखंड कापायची. अर्धी होल्डरमध्ये, अर्धी खाली ट्रेमध्ये. पहिली तुटली तेव्हा वाटलं होतं, माझा हात गेला. दुसरी तुटली तेव्हा वाटलं, हातच काय, आता वयही गेलं. पण तिसरी तुटली आणि जीव हलका झाला: चला, मालच खराब आहे, आपण नाही. एकतीस वर्षं टर्नर म्हणून काढल्यावर माणसाला आपल्या हाताची इतकी काळजी असते की सासऱ्याच्या अकरा महिन्यांच्या मेहनतीचे तुकडे समोर पडलेले असताना त्याला शीळ घालावीशी वाटते. मी घातलीही. मग शरम वाटून थांबलो आणि हात पुसून त्यांना फोन लावला.

"बोला जावईबापू," ते म्हणाले. पहिल्याच घंटेला उचलला होता, म्हणजे फोन मांडीवर घेऊनच बसले असणार. मी म्हणालो, "तिसरीही गेली." ते म्हणाले, "माझंच मिश्रण चुकलं. तुमचा रविवार फुकट घालवला मी." मी म्हणालो, "छे छे, असं कसं." ते म्हणाले, "नाही, नाही, चूक ती चूक. आता थांबतो. त्या शाळेच्या सरांना प्रयोगशाळेसाठी भट्टी हवीच होती, उद्या सकाळी घेऊन जा म्हणतो. तुमच्याकडे एक टिप उरली असेल ती टाकून द्या." मी पुन्हा "छे छे" म्हणालो. ते "बरं, ठेवतो" म्हणाले, आणि तरी ठेवेनात. मी ठेवल्याशिवाय ते कधीच ठेवत नाहीत. शेवटी मीच ठेवला.

आम्ही दोघं हे असं बोलतो. बावीस वर्षं असंच बोलतो आहोत. माझी बायको म्हणते, "तुम्ही दोघं बोलायला लागलात की मला दोन कचेऱ्यांची पत्रं वाचल्यासारखं होतं." मी त्यांच्या घरी गेलो की ते खुर्चीतून उठतात. सत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरतात, पण उठणार. पंख्याखालची जागा माझी. चहा आधी मला. एकदा माझ्या हातून त्यांच्या कपाटाची काच फुटली, सरळसरळ माझ्या कोपराने, तर म्हणाले, "ती काच सैलच होती, बरं झालं गेली ते." वाटेत मी बायकोला म्हणालो, "काच सैल होती म्हणे." ती म्हणाली, "परवाच बसवून घेतली होती त्यांनी." याच माणसाने कारखान्यात भट्टीखात्यात पस्तीस वर्षं काढली आहेत, विजेच्या खांबांवर असतात ना त्या चिनीमातीच्या पांढऱ्या चकत्या, त्या भाजण्यात. आणि तिथे म्हणे त्यांचा आवाज नुसता आला तरी माणसं सरळ उभी राहायची. भट्टीचं दार उघडं टाकून गप्पा मारणाऱ्या एका मोठ्या साहेबालाही त्यांनी सोडलं नव्हतं. हे सगळं मी ऐकलेलं. मला तो आवाज कधी लाभला नाही. मला मिळाला तो फक्त पंखा.

टिपेचं हे खूळ सुरू झालं तेही जेवताना, मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो त्यावरून. कडक शाफ्टचं काम आलंय, बाजारच्या टिपा दोन कटांत बोथट होऊन बसतात, असं मी म्हणालो. खरं तर मी बोललो ते बायकोशी. ते भात कालवत राहिले. तीन दिवसांनी फोन. "जावईबापू, ती टिप कशाची असते हो?" मी सांगितलं, ही अशी, ती तशी, आणि एक पांढरीही असते, तुमच्या चिनीमातीच्या चुलत घराण्यातली, पण ती आमच्यासारख्या छोट्या शॉपमध्ये कोण वापरतंय. एवढं पुरलं. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं तो माणूस खिडकीशी बसून होता. समोरच्या इमारतीत कोण कधी आलं, कोण कधी गेलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सासूबाई गेल्यावर तर तेही सांगेनासे झाले. आणि आता बघावं तर स्वयंपाकघरात मोटारीचा जॅक उलटा बसवून दाबयंत्र केलेलं, मागच्या गच्चीत हातभर उंचीची भट्टी, साडेसोळाशे अंशांवर जाणारी, जुन्या कारखान्यातल्या कुणाकुणाकडून एकेक तुकडा मागून उभी केलेली. पिठापेक्षा बारीक पांढरी पावडर. ती ज्यात दाबायची तो साचा मी लेथवर कातून दिला. तेव्हा त्यांनी मला समजावलं, की भाजल्यावर शंभराचे ब्याऐंशी होतात, तेव्हा साचा तेवढा मोठा हवा, आणि मी ते गणित सुपारीएवढ्या भोकात बसवून दिलं. तो साचा हातात घेऊन त्यांनी आतून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत होते. मला त्या दिवशी पंखाबिंखा आठवला नाही.

पहिल्या सहा महिन्यांत एकही टिप भट्टीतून सगळी बाहेर आली नाही. कधी वाकडी, कधी पोटात फट, कधी नुसताच चुरा. दर वेळी कारण एकच: पाणी. "पावडरीत पाणी राहिलं हो," ते म्हणायचे, चेहरा असा, जणू घरात चोर शिरला. हवेतलं पाणी, हाताच्या घामातलं पाणी, दोन थेंब चिकटद्रव्यातलं पाणी. थोडं जरी राहिलं तरी त्याची वाफ होते आणि टिपेला आतून फाडते. त्यांच्या तोंडात पाणी हा शब्द शत्रूसारखा यायचा. बायको चेष्टा करायची, "बाबा, प्यायला तरी देऊ का?" ते हसायचे. हसायला लागले होते, हेच मोठं. मागच्या आठवड्यात एकदम चार टिपा अखंड निघाल्या. चौघी पांढऱ्याशुभ्र, एकमेकींवर आपटल्या की घंटीसारख्या वाजणाऱ्या. हिऱ्याच्या कानशीने त्यांची कड त्यांनी स्वतः मारली, भिंग डोळ्याला लावून. आणि कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर बॉलपेनने लिहून, लेकीच्या हाती माझ्याकडे पाठवल्या. स्वतः आले नाहीत. जावयाच्या शॉपमध्ये जाऊन त्याच्या डोक्यावर उभं राहणं त्यांना बरं दिसलं नसतं.

तर फोन ठेवल्यावर मी ट्रे साफ करायला घेतला. रविवार, शटर अर्धं खाली, दुसऱ्या लेथवर कापड घातलेलं, रस्त्यावर कोणीतरी सायकलीला हवा भरत होतं. मला अशा दुपारी आवडतात. मशीनची ऊब जायला वेळ लागतो, तेलाचा वास असतो, कोणी काही मागायला येत नाही. फडक्याने ट्रे पुसता पुसता तुकडे बाजूला काढले. सहा. जोड्या लावून पाहिल्या, उगीच, काही काम नव्हतं म्हणून. तिन्ही टिपा एकसारख्या तुटल्या होत्या. सरळ, आरपार, स्वच्छ. कड झिजलेली नाही, टोक उडालेलं नाही. जास्त कट घेतल्यावर टिप तुटते तेव्हा तिचा कोपरा उडतो, हे मी हजारदा पाहिलंय. ही तशी नव्हती. ही काचेचा गरम ग्लास नळाखाली धरल्यावर तडकतो तशी तडकली होती. आणि तुकडे ओले होते. माझं फडकं ओलं होतं. ट्रेमध्ये दुधासारखं पांढरं पाणी साचलं होतं, आम्ही कापताना सोडतो ते, तेल मिसळलेलं. त्याला आम्ही पाणीच म्हणतो. पाणी सोड, पाणी बंद कर, आज पाण्याला वास येतोय. दिवसातून शंभरदा.

मी तिथेच स्टुलावर बसलो. पुडीचा कागद बाकावर होता. त्यांचं गोलाई असलेलं अक्षर: "पाण्यापासून लांब ठेवलेल्या बऱ्या." मी तो काल वाचला होता आणि मनात म्हणालो होतो, अर्थातच, म्हाताऱ्याचं पाण्याचं वेड, आणि चारही टिपा बिस्किटांच्या घट्ट डब्यात ठेवल्या होत्या, वर ओल शोषणाऱ्या दोन पुड्या, वर कापूस. एखाद्या तान्ह्या मुलाला नसतं जपलं एवढं. रात्रभर त्यांना हवेतलं पाणी लागू दिलं नाही. आणि सकाळी चकात शाफ्ट बांधला, नेहमीच्या तिप्पट वेग दिला, टिप लागली, चिप, म्हणजे कापलेल्या लोखंडाची साल, लाल निघाली, आणि लाल चिप दिसली की टर्नरचा डावा हात पाण्याच्या तोटीकडे जातो. जातोच. लाल म्हणजे टूल जळालं, हे मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी पितळी दांडक्याने बोटांच्या पेरांवर लिहून ठेवलंय. हात गेला, पाणी सोडलं, टक्. तीनदा. आणि तीनदा मला पत्ताही नाही. तुम्ही चालताना कुठला पाय आधी टाकता ते तुम्हांला माहीत असतं का?

आता यात गंमत बघा. त्यांनी जर सरळ लिहिलं असतं की कापताना पाणी सोडू नकोस, तर मला सरळ कळलं असतं. पण जावयाला "सोडू नकोस" कसं लिहायचं? "सोडू नये" सुद्धा जरा हुकूम वाटतो. म्हणून "लांब ठेवलेल्या बऱ्या". त्या अदबीने, त्या मेल्या पंख्याने आणि पहिल्या चहाने तीन टिपा फोडल्या होत्या. मला हसू आलं, आणि मग ते एकदम थांबलं, कारण आठवलं की उद्या सकाळी भट्टी जाणार आहे. आणि भट्टी गेली की ते पुन्हा खिडकीशी. माझं मिश्रण चुकलं, असं मनात धरून. मिश्रण चुकलं नव्हतं. मिश्रण झकास होतं. लाल चिप निघत होती म्हणजे ती टिप तो शाफ्ट लोण्यासारखा कापत होती, बाजारच्या टिपेला जमला नसता असा, आणि ते जगात फक्त मला कळलं होतं, तेही आत्ताच.

मग मी लगेच फोन उचलला का? नाही. दुपारी एकपासून चारपर्यंत मी शॉपमध्ये नसती कामं करत बसलो. ड्रिलं मापाप्रमाणे लावली. बल्ब पुसला. मनाशी म्हणालो, कळून काय फरक पडणार, त्यांचंही वय झालंय, भट्टीचा चटका बसला तर. किती सोज्वळ विचार! खरं एवढंच होतं की एकतीस वर्षांच्या टर्नरने पहिल्या दिवशीच्या पोऱ्यासारखी चूक केली हे मला सांगायचं नव्हतं, आणि ते "माझंच चुकलं" म्हणून मोकळे झालेच होते. दुसऱ्याने आपली चूक आपणहून डोक्यावर घेतली की फार आराम वाटतो. त्या आरामात मी तीन तास बसलो आणि तो आराम खरजेसारखा वाढत गेला. मिस्त्री आठवत राहिले. त्यांनी मला टोणग्या म्हटलं, ठोंब्या म्हटलं, एकदा रागाने माझा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. ज्या दिवशी त्यांनी मला काहीच म्हटलं नाही त्या दिवशी मी घाबरलो होतो, की यांनी माझा नाद सोडला. दुपारभर मला वाटत राहिलं की सासऱ्यांनी बावीस वर्षांपूर्वीच, पहिल्याच दिवशी, अगदी प्रेमाने माझा नाद सोडलाय. हा विचार नवा नव्हता. पण एवढा स्पष्ट कधी झाला नव्हता.

बायकोला फोन करून सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "तुम्ही अजून शॉपमध्येच? जा की."

"ते काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. तेच तर दुखणं आहे तुमचं."

गेलो. दोन चौक चालत. खिशात डबा, डब्यात शेवटची टिप. त्यांनी दार उघडलं, हाताला काळं लागलं होतं. गच्चीत भट्टीच्या तारा सोडवायला घेतल्या होत्या. "या, या जावईबापू, बसा," म्हणत पंख्याचं बटण दाबलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं: मी पाणी सोडलं, तिन्ही वेळा, तुमची टिप चांगली होती, मी फोडली. ते ऐकत होते. भुवया क्षणभर वर गेल्या आणि डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. मला वाटलं, आला, आता आवाज आला. पण ते म्हणाले, "नाही, नाही. तुमची कसली चूक? मीच नीट लिहायला हवं होतं. शिवाय चांगल्या टिपेने थोडं पाणी सोसलं पाहिजे. म्हणजे मिश्रणातच कमी आहे." आणि हात पुसत म्हणाले, "चहा टाकतो."

काच सैलच होती. पुन्हा तेच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "चहा नको. चपला घाला." ते बघत राहिले. बावीस वर्षांत मी त्यांना असं बोललो नव्हतो. "एक टिप शिल्लक आहे," मी म्हणालो, "मी एकटा लावली तर हीही फोडीन, हात माझं ऐकत नाही. तुम्ही शेजारी उभं राहायचं. तुटली तर भट्टी उद्या शाळेला. नाही तुटली तर तारा परत जोडायच्या." ते म्हणाले, "मी तिथे येऊन काय करणार, तुमच्या कामात लुडबुड..." मी त्यांच्या चपला पायाने त्यांच्यापुढे सरकवल्या. घातल्या त्यांनी. वाटेत डबा मागून घेतला आणि दोन्ही हातांत धरून चालले.

शॉपमध्ये आल्यावर त्यांनी आधी भिंती पाहिल्या, मग मशीन, मग चकातला शाफ्ट. सकाळी कापलेल्या बोटभर पट्ट्यावर अंगठा फिरवला. गुळगुळीत होता. "हे माझ्या टिपेने?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो." त्यांनी अंगठा परत तिथेच फिरवला. मी टिप बसवली, पकड आवळली, त्यांना चष्मा दिला आणि चिप उडते त्या बाजूपासून लांब, माझ्या डाव्या हाताला उभं केलं. एका गोळीएवढ्या तुकड्यावर त्यांचं उरलेलं आयुष्य बसवलंय असं मला वाटत होतं, आणि तो तुकडा माझ्या हातात होता. मशीन सुरू केलं. वेग वाढवला. टिप नेली, लावली, ती आपोआप सरकावी म्हणून फीड टाकला. आवाज एकसारखा, बारीक, कापड फाडल्यासारखा. चिप निघाली, आधी पिवळी, मग लाल, लालभडक, वळत वळत खाली पडायला लागली. मला माहीत होतं की ही आग चिपेतून निघून जातेय, टिपेला काही होत नाही, असंच हवं. मला सगळं माहीत होतं. आणि माझा डावा हात उठला, शांतपणे, जणू तो दुसऱ्याच कुणाचा, आणि बोटं तोटीवर पडली.

फाट्! मनगटावर.

"हात काढ! काढ म्हणतो ना, गाढवा! पाणी सोडतोस? समोर बघ, समोर! काय माझ्या तोंडाकडे बघतोस!"

अख्खं शॉप दणाणलं. पत्रा थरथरला असेल. रस्त्यावर कोणीतरी सायकल थांबवून आत डोकावलं. मी हात काढला, समोर पाहिलं. मनगट झणझणत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं, चष्म्याच्या आत, पुसता येईना. चिप लाल निघत राहिली. एक वीत, दीड वीत. टिप पुढे चालली होती, अडली नाही, किंचाळली नाही. ते माझ्या कानाशी वाकून बघत होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मधूनच पुटपुटत होते, "जा, जा, जा." टोकाला आल्यावर मी फीड सोडला, टिप मागे घेतली, मशीन बंद केलं. चक फिरत फिरत थांबला.

टिप अखंड होती. मी नख फिरवून पाहिलं. कड जशीच्या तशी. त्यांनी खिशातून भिंग काढलं, वाकले, बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाले, आणि तेव्हा त्यांना कळलं ते काय बोलले ते. चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. माझ्या मनगटाकडे पाहिलं, तिथे चार बोटं उठली होती. "जावईबापू," ते म्हणाले, आवाज एकदम खाली, पंख्याखालचा. "अहो, तोंडातून गेलं. मी काय ते..."

"पुढचा कट किती घेऊ?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टिपेकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो. त्यांनी भिंग पुसलं, खिशात घातलं, पाय थोडे फाकवून मशीनशेजारी नीट उभे राहिले.

"दुप्पट घे," ते म्हणाले. "आणि तो डावा हात आधी खिशात घाल."